चारपैकी एकावर खूण करा

मान खाली घातली की तुमच्या एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकत असेल, जिभेला लागलं तर खारट लागत असेल, आणि घरातले सगळे सर्दी म्हणून काढे पाजत असतील, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या. मी दाखवायला फार उशीर केला. उरलेलं परत आल्यावर वाचलंत तरी चालेल. उरलेलं मी रागानं लिहिलंय.

मी निपाणीची. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आईचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. त्या वखारीच्या मजुरीवर तिनं मला बी.एस्सी., बी.एड. केलं. आमच्या गावात नाक गळण्याचं कुणाला काही वाटत नाही. हंगामात तंबाखूची धूळ अशी उडते की पाहुणा बसमधून उतरला की आधी शिंकतो, मग रामराम-जयभीम करतो. त्यामुळं माझं नाक गळायला लागलं तेव्हा शेजारणीनं, नवऱ्यानं, स्टाफरूममधल्या सगळ्यांनी एकच निदान केलं. आई तर म्हणाली, "तुज्या नाकात माजी वखार शिरलीया गं. वाफ घे, जातंय."

मी वाफ घेतली, काढे प्यायले, ॲलर्जीच्या गोळ्या खाल्ल्या. पाणी काही थांबेना. सहामाहीचे पेपर तपासायला मान खाली घातली की पोरांच्या उत्तरांवर थेंब पडायचे आणि शाई फुटायची. एका पोरानं विचारलंही, "बाई, माझा पेपर वाचून रडलात व्हय?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

निदानाचा दिवस

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, मान गुडघ्यांकडं वाकवायला लावली आणि खाली एक छोटी बाटली धरली. थेंब पडला, आणखी एक पडला. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"हे सर्दीचं पाणी नाही," ते म्हणाले. "मेंदूभोवती जे पाणी असतं ना, ते आहे हे. नाकाच्या छताला, मेंदूच्या खालच्या हाडाला बारीक भोक पडलंय."

मेंदू, त्याची आवरणं, त्यामधलं पाणी, ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. पाण्याला निळा खडू वापरते. पोरांना सांगते, हे पाणी मेंदूला धक्क्यापासून जपतं. आणि ते माझ्या पदराला पुसलं जात होतं इतके महिने! शेजारी बसलेला माझा नवरा, दिलीप, पोस्टात आहे आणि सहसा घाबरत नाही. त्यानं माझा हात घट्ट धरला.

भोकातून पाणी बाहेर येतं तसे जंतू आत जाऊ शकतात, मेंदूज्वर होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन नाकातूनच दुर्बिणीनं होणार होतं. मांडीतला पातळ पडदा घेऊन भोक बुजवायचं. वासाच्या नसा तिथंच असतात, तेव्हा वास कमी होईल, कदाचित जाईलही, हेही त्यांनी लपवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. या डॉक्टरसरांच्या हातांनी माझा जीव वाचला, आणि हे मी कुणापुढंही म्हणेन.

तिथंच सरांनी विचारलं, "आमचा एक अभ्यास चालू आहे. ठिगळ लावायच्या दोन पद्धती आहेत. कुठल्या पद्धतीत वास जास्त टिकतो ते आम्ही बघतोय. तुम्ही भाग घ्याल?"

मी विज्ञानाची बाई. "न घ्यायला काय झालं?" म्हटलं आणि सगळं वाचून सही केली. उलट छातीच फुगली जरा. माझ्या नाकामुळं पुढच्या कुणाचं तरी नाक वाचेल, असं वाटलं.

पहिली परीक्षा

अभ्यासाचं काम बघणारी मुलगी रश्मी. खानापूर तालुक्यातली, शेतकऱ्याघरची, बेळगावात खोली घेऊन राहणारी. मला पहिल्या मिनिटापासून आक्का म्हणायला लागली. तिनं माझ्यापुढं कार्डांची एक चोपडी ठेवली. कार्डावरचा तपकिरी पट्टा नखानं घासायचा, हुंगायचं आणि खाली दिलेल्या चार नावांपैकी एकावर खूण करायची. नावं कन्नडमध्ये लिहिली होती. कन्नड मला चांगलं येतं, पण त्यानं काय होणार? लव्हेंडर, पाइन, चेरी, टर्पेंटाइन. दुसऱ्या कार्डावर लिलॅक, मेपल, आणखी काय काय.

वास येत होते हो! चांगले खणखणीत येत होते. एक कार्ड घासलं तर डोळ्यांपुढं सुताराचं दुकान उभं राहिलं. पर्यायांत सुतार नव्हता. एक अगदी शाळेतल्या फरशीवर ओततात त्या फिनेलसारखा होता. एक लग्नातल्या वरमाईच्या पावडरीसारखा. पर्याय काय, तर चार परदेशी फुलं.

"रश्मी, वास येतोय गं. पण यातलं एकही मी आयुष्यात बघितलेलं नाही."

"अंदाजानं हाणा की आक्का," ती हसत म्हणाली. "रिकामं तेवढं सोडू नका. कंप्युटर घेत न्हाय."

आता इथं माझी सवय आडवी आली. दहावीच्या पोरांना मी वर्षभर हेच घोकवते. येत नसलं तरी चारपैकी एकावर खूण करा, रिकामं सोडू नका, लागला तर मटका. मीही गुणी विद्यार्थिनीसारखी सगळ्या कार्डांवर खुणा केल्या. गुण अर्थातच वाईट पडले. तिथं मला वास येत होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. चोपडीत तो प्रश्नच नव्हता.

खाट

ऑपरेशननंतरचे दिवस सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून थोडक्यात सांगते. नाकात बोळे कोंबलेले. तोंडानं श्वास, ओठांना भेगा. डोकं उंचावर ठेवून पडून राहायचं. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, नाक शिंकरायचं नाही. आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाहीतर ठिगळ उचकटेल. मला सर्वात जास्त भीती शिंकेचीच. भुकेल्या मांजरीसारखी ती दबा धरून बसलेली असायची.

शेजारच्या खाटेवर सांबऱ्याची एक म्हातारी होती, कानाचं ऑपरेशन झालेली. तिच्या घरचे भेटायला आले की ती मोठ्यानं ओरडायची, "हळू बोला रं! मास्तरीणबाईला शिंक येईल." बोलण्यानं कुणाला शिंक येत नाही, पण तिची माया खरी होती. तिच्या धाकानं सगळा वॉर्ड कुजबुजत बोलायचा.

आई भेटायला आली ती दोन दिवस उशिरा. मला राग आला होता. दिलीपनं मग सांगितलं, आईचं घर वखारीच्या बोळात, तिच्या कपाटातल्या लुगड्यांनासुद्धा तंबाखूचा वास. लेकीला शिंक आली तर? म्हणून ती बहिणीकडं संकेश्वरला गेली, डोक्यावरून आंघोळ केली, बहिणीचं धुतलेलं लुगडं नेसली आणि तिथूनच परस्पर बेळगावला आली. खाटेपासून चार हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "जवळ येऊ का गं?"

मला हसू आवरेना, आणि हसायलाही बंदी होती.

वास गेला

बोळे काढले. पाणी गळायचं थांबलं होतं. मान खाली घालून बघितली, पुन्हा घालून बघितली, एक थेंब नाही. त्या दिवसाचा आनंद मी कशालाही विकणार नाही.

वास नव्हता. "सूज आहे, महिने लागतात, धीर धरा," सर म्हणाले. धरला. घरी बुद्धवंदनेला उदबत्ती लावायची, धूर दिसायचा, नाकाशी धरायची. नुसता ऊन धूर. लसणाची फोडणी म्हणजे नुसता चर्र आवाज. शाळा सुरू झाल्यावर एकदा वखारीसमोरून गेले. आत तंबाखू चाळत होते. सटासट शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पण वास आला नाही. धूळ नाकाला टोचत होती आणि नाकाला ती कशाची धूळ हे कळत नव्हतं. त्या वासात मी वाढले. माझ्या दप्तराला तो यायचा म्हणून वर्गातल्या दोघी-तिघी नाक मुरडून लांब बसायच्या. तो जावा म्हणून मी लहानपणी साबण झिजवलाय. आता रस्त्यात उभी राहून मी तोच वास शोधत होते, आणि रडले.

दुसऱ्या परीक्षेला गेले. रश्मीनं तीच चोपडी पुढं ठेवली. कार्ड घासलं. कागद. दुसरं घासलं. कागद. सुताराचं दुकान गेलं होतं, फिनेल गेलं होतं, वरमाई गेली होती.

"मला काहीच येत नाही, रश्मी."

"अंदाजानं करा आक्का. नियमच हाय तसा."

केलं. सवयीची गुलाम मी. डोळे झाकून खुणा केल्या. थोड्या वेळानं सरांनी आत बोलावलं. कंप्युटरकडं बघून खूश झाले आणि म्हणाले, "छान! पहिल्यापेक्षा एक गुण वाढलाय. वास शाबूत आहे तुमचा."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. "सर, वास पूर्ण गेलाय. कणभर येत नाही."

"सुरुवातीला असं वाटतं. मनाचंही असतं थोडं. टेस्टमध्ये काही बिघाड दिसत नाही ना? आधी-नंतर सारखंच आहे."

मनाचं! ही ओळ बाईमाणसानं दवाखान्यात किती वेळा ऐकायची? माझ्या मटक्याला पहिल्या वेळी जेवढे गुण पडले, जवळपास तेवढेच दुसऱ्या वेळी पडले. एकदा नाक होतं आणि नावं ओळखीची नव्हती. दुसऱ्या वेळी नाकच नव्हतं. कंप्युटरला दोन्ही सारखंच दिसलं. हे त्यांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

घरात

घरी सांगितलं. दिलीप म्हणाला, "जीव वाचला न्हवं? नाकाचं काय घेऊन बसलीस?" मुख्याध्यापक तेच म्हणाले. शेजारीण तेच म्हणाली, वर म्हणाली, "बरंच झालं की, गटाराचा वास यायचा न्हाय." जीव वाचल्याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण म्हणून मग बाकी सगळ्या गोष्टींसाठी तोंड शिवून बसायचं, असा नियम कुणी केला? पाय तुटलेल्याला कुणी म्हणतं का, बरं झालं, चप्पल झिजायची नाही?

माझी मुलगी प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. मुलगी झाली. बाळाला न्हाऊ घालायला माझी आईच पुढं. तेल लावून, ऊन पाणी घालून, मग शेगडीत ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची. प्रज्ञाला मी अशीच धुरी दिली होती. धुरी घेतलेल्या बाळाच्या टाळूला जो वास येतो, तो ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. मला पाठ होता तो. महिनोन्महिने मी याच दिवसाची वाट बघत होते. तोवर येईल, असं स्वतःला सांगत होते.

आईनं नात माझ्या मांडीवर दिली. मी वाकून टाळू हुंगली. मऊ होती, ऊन होती.

"येतंय का गं काय?" आईनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. प्रज्ञा भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करत होती, तिचे खांदे हलत होते.

त्या दिवशी माझा राग पक्का झाला. वास गेला, ते मी सहन करीन. करतेच आहे. पण तो गेलाच नाही असं कुठंतरी कायमचं लिहून ठेवलंय, आणि त्याच्या जोरावर पुढच्या एखाद्या बाईला सांगितलं जाईल, या पद्धतीनं करा, वासाला काही होत नाही, हे मी सहन करणार नव्हते. मी रश्मीला फोन केला.

"आक्का, तुमाला पटत न्हाय तर अभ्यासातनं बाहेर पडायचा हक्क हाय तुमचा," ती म्हणाली. "कोण काय म्हणत न्हाय."

बाहेर पडले तर त्यांच्या कागदावर मी नव्हतेच. आत राहिले तर मला काही झालंच नाही. "मी बाहेर पडत नाही," मी म्हटलं. "शेवटच्या तपासणीला येते."

शेवटची परीक्षा

रश्मीनं चोपडी ठेवली. मी प्रत्येक कार्ड नीट घासलं, हुंगलं, आणि पान उलटलं. पेन टोपणातच ठेवलं. शेवटचं कार्ड झाल्यावर चोपडी तिला परत दिली.

"आक्का, ह्ये काय? सगळं कोरंच!"

"काहीच आलं नाही, म्हणून कोरं."

"अवो, कंप्युटर घेत न्हाय. कुठंबी एक टिक मारा."

"नाही मारणार."

तिनं विनवलं, मग ती घाबरली, मग सरांना बोलवायला गेली. सर आले. घाईत होते, चिडले होते. "बाई, इतके पेशंट आहेत, सगळ्यांना हीच टेस्ट आहे. तुम्हाला लव्हेंडर माहीत नसलं तरी बिघडत नाही. आम्ही तुमची तुमच्याशीच तुलना करतो."

"सर, पहिल्यांदा मला वास येत होता, नाव येत नव्हतं. आता वासच येत नाही. दोन्ही वेळा मी अंदाजानं खुणा केल्या. तुम्ही माझ्या अंदाजाची माझ्या अंदाजाशी तुलना केलीत."

ते म्हणाले, "पण आता वास येत नाही हे तुम्ही म्हणता. आम्ही ते कशावरून मानायचं?"

माझा आवाज चढला. चढला तर चढला. "ऑपरेशननंतर वास येतोय असं मी एकदाही म्हटलं नव्हतं, ते तुम्ही लगेच मानलंत. मी शाळेत शिकवते सर. कोऱ्या पेपराला मी शून्य देते. कंप्युटर घेत नाही म्हणून पोराच्या कोऱ्या पेपरावर स्वतः खुणा करून त्याला पास करत नाही. माझ्या नाकाच्या छतावर तुमच्या हातचं ठिगळ आहे, ते मी जन्मभर मिरवीन. पण माझं जे गेलं ते गेलं म्हणून लिहा. ते लिहिलंच नाही, तर हा अभ्यास कशाचा?"

बाहेर रांगेतले लोक आत डोकावत होते. सरांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. दमलेला माणूस होता. शेवटी रश्मीला म्हणाले, "शेऱ्याच्या रकान्यात लिही. रुग्णाच्या म्हणण्यानुसार वास पूर्ण गेला." आणि पुढच्या खोलीत गेले.

रुग्णाच्या म्हणण्यानुसार! ते शब्द मला अजून टोचतात. त्यापुढं एवढं झालंय की, आता नवा पेशंट आला की रश्मी आधी तोंडी विचारते, वास येतो का. सरांनी तेवढी परवानगी दिलीय. चोपडी अजून तीच आहे. तुमच्यापुढं ती आली आणि वास येत नसला तर कोरी ठेवा. भांडण होईल. होऊ दे.

सर गेल्यावर रश्मी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. शेरा लिहून झाला होता, पण पेन तिच्या हातातच होतं.

"आक्का, ऑपरेशनच्या आदी तुमाला कशाकशाचा वास यायचा?"

त्या इमारतीत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी सांगायला लागले. आईच्या लुगड्यांचा तंबाखू. संकेश्वरजवळ बसच्या खिडकीतून येणारा कारखान्याच्या मळीचा वास. नव्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे सोडले की येणारा. प्रयोगशाळेतला गंधकाचा, ज्याला पोरं नाक धरून पळतात. वाळत घातलेल्या मिरच्यांचा. दिलीपच्या खाकी शर्टाला येणारा डिंकाचा आणि लाखेचा. प्रज्ञा तान्ही असताना तिच्या टाळूचा.

रश्मी भराभरा लिहीत होती. रकाना भरला, मग समास भरला. तिनं कागद उलटला आणि मागं लिहायला लागली. माझं सांगून संपलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पेन टेकवलं.

"आन् आता कशाचा येतो?"

"ते रिकामं सोड," मी म्हटलं.